एक मोल, आणि वर चिमूटभर

माझ्या नवऱ्याला जगातली प्रत्येक गोष्ट वीस फुटी कंटेनरमध्ये मोजायची सवय आहे. तो न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहे, आणि तिथे म्हणे चाळीस फुटी पेटी आली तरी हिशेबात तिला दोन वीस फुटी धरतात. म्हणून घरातही तेच. हळदीला माणसं किती आली होती विचारलं, तर म्हणतो, दाटीवाटीने बसवली तर दोन पेट्यांत बसली असती. धाकटी नणंद माहेरपणाला आली की तिच्या पिशव्या पाहून तो मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगतो की चाळीस फुटी लागली धक्क्याला. अशा माणसाकडून मी रसायनशास्त्र शिकले. कोणावर अशी वेळ येऊ नये, असं मी तेव्हा म्हणायचे. आता म्हणत नाही, पण त्याला तसं सांगतही नाही, कारण तो आधीच पुष्कळ फुगलेला आहे.

शिकायची वेळ का आली ते सांगते. मी उरणच्या बाजूच्या एका मासळीच्या कारखान्यात कोळंबीच्या टेबलावर होते. तिथे कोळंबी बर्फात असते, आणि आपले हात कोळंबीत. सोलायची, धुवायची, आकाराप्रमाणे वेगळी करायची. आकार ठरतो किलोत किती नग बसतात त्यावर. मूठभर कोळंबी काट्यावर टाकायची, मोजायची, आणि सांगायचं, ही किलोत तीसची, ही किलोत पन्नासची. सगळा ढीग कोणी मोजत बसत नाही. ढिगाचं वजन घेतलं की नग आपोआप कळतात. हे काम मला आवडायचं. माझ्या बोटांना मात्र आवडत नव्हतं. रबरी हातमोज्यांतूनही बर्फ आत शिरायचा, बोटं बधिर व्हायची, आणि घरी आल्यावर ती जागी व्हायला लागली की जी आग व्हायची ती शत्रूलाही होऊ नये. पुढे पुढे तर चिमटीत मीठ धरलंय की नाही हे मला बघून ठरवावं लागायचं.

टेबलाच्या डाव्या हाताला कारखान्याची लॅब होती. तिथल्या मॅडम पांढरा कोट घालून पाण्यातलं क्लोरीन वगैरे तपासायच्या. मला क्लोरीनचं काही वाटत नव्हतं. मला हेवा वाटायचा तो त्या दारातल्या पायपुसण्याचा. आमच्या बाजूला सगळीकडे पाण्याची तळी, आणि तिथे एक लाल पायपुसणं, कायम कोरडं. एकदा मॅडमनी मला सहज सांगितलं की त्यांना हाताखाली एक बाई हवी आहे, तिला नगांचा आणि वजनाचा अंदाज असेल तर फारच बरं, पण कारखान्याच्या नियमाप्रमाणे बारावी सायन्स पास पाहिजे. जागा त्या वर्षभर तरी धरून ठेवू शकत होत्या.

मी बारावी सायन्सला होते, पण पास नव्हते. रसायनशास्त्रात राहिले, मग लग्न झालं, मग राहिलेलं राहूनच गेलं. आता मुक्त विद्यालयातून सगळ्याच विषयांची परीक्षा पुन्हा द्यायची ठरवली. सासरी कोणी नाही म्हणालं नाही, फक्त सगळे हसले. नवरा हसला नाही. तो पुस्तक घेऊन बसला, पहिलं प्रकरण वाचलं, आणि म्हणाला, "हे तर आमचंच काम आहे."

पहिल्या प्रकरणातच मोल होता. मोल या शब्दावरचा विनोद घरातल्या प्रत्येकाने एकेकदा करून घेतला, म्हणून मी तो इथे करत नाही. पुस्तकात म्हटलं होतं की कुठल्याही पदार्थाचा एक मोल म्हणजे त्याचे ठरावीक इतके कण, आणि ती संख्या होती सहावर तेवीस शून्यं, म्हणजे साधारण तितकी. मी लहानपणी शाळेत एकं, दहं, शतं पाठ केलं होतं. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत करत परार्धापर्यंत गेलं की गुरुजी थांबायचे, म्हणून मला वाटायचं की देवसुद्धा तिथेच थांबत असेल. आता पाहिलं तर एका मोलात साठ लाख परार्ध कण. वाटेत जलधी नावाची एक संख्या लागते, म्हणजे समुद्र. ती तर कुठल्या कुठे मागे पडली. मी नवऱ्याला म्हटलं की एवढं कोणी मोजलं, आणि मोजताना मध्येच त्याला कोणी हाक मारली असती तर?

तो म्हणाला, मोजलं कोणी नाही, तीच तर गंमत आहे. आमच्याकडे पेटी आली की उघडून आतले खोके कोणी मोजतं का? काट्यावर चढवायची, रिकाम्या पेटीचं वजन वजा करायचं, एका खोक्याच्या वजनाने भागायचं. झाले खोके. अणूंचंही तेच, फक्त एक अणू काट्यावर ठेवता येत नाही म्हणून पुस्तकवाल्यांनी एक गठ्ठाच ठरवून टाकला. लोखंडाचा गठ्ठा छप्पन्न ग्रॅम, कार्बनचा बारा, पाण्याचा अठरा. गठ्ठ्यात नग तेवढेच, वजन ज्याचं त्याचं.

हे मला एकदम कळलं, कारण ते कोळंबीचंच होतं. दहा कोळंब्या आणि दहा जवळे यांत नग सारखे, पण वजन सारखं कसं असेल? नवऱ्याला मात्र वाटलं की मला त्याच्या कंटेनरमुळे कळलं. मी ते तसंच राहू दिलं. शिकवणाऱ्याला थोडं नमतं माप द्यावंच लागतं.

तरी घोडं अडायचंच. मला ग्रॅमवरून एकदम अणूंवर उडी मारायची घाई. चोवीस ग्रॅम कार्बन दिला की मी त्या भल्यामोठ्या आकड्याने थेट चोवीसला गुणून मोकळी. यावर नवऱ्याने करंज्याच्या तरीचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीचा, उपाय काढला. म्हणाला, आपल्या घरून नागावला तुझ्या आईकडे कशी जातेस? करंज्याला जाऊन तरीत बसतेस, रेवसला उतरतेस, मग पुढची गाडी. घरातून थेट नागाव आहे का? नाही. तसं ग्रॅममधून थेट अणूंकडे जायला वाट नाही. मोलच्या धक्क्यावर यावंच लागतं. ग्रॅमकडून मोलकडे येताना भागायचं, मोलकडून अणूंकडे जाताना गुणायचं, आणि परतीला उलट. हे मी आजही विसरलेले नाही. पुढे पेपरात बसल्यावरही मला प्रत्येक गणितात खाडीचा वास यायचा.

ऑक्सिजनला मात्र त्याने मला रडवलं. बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे एक मोल, असं मी लिहिलं. तो म्हणाला, कशाचा एक मोल? मी म्हटलं, ऑक्सिजनचा. तो म्हणाला, रेणूंचा की अणूंचा? मी पुस्तक मिटलं आणि बांगडे साफ करायला गेले. तो माझ्या मागोमाग मोरीपर्यंत आला. ऑक्सिजन चाळीस फुटी आहे, म्हणाला. दिसते एक पेटी, हिशेबात धरायच्या दोन. रेणू एक मोल, तर अणू दोन मोल. बांगड्याचं डोकं हातात धरून मी त्याच्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं संसार केला तो याच्याशी, की बंदराशी, तेच मला कळेना.

मग त्याने घरातल्या काट्यावर सराव सुरू केला. एक मोल मीठ आण, एक मोल साखर आण. मीठ साडेअठ्ठावन्न ग्रॅम, म्हणजे एक बऱ्यापैकी मूठ. साखर तीनशे बेचाळीस, ती पाहून सासूबाईंचा जीव वरखाली. पाणी अठरा, म्हणजे जेमतेम एक घोट. सहावर तेवीस शून्यं एका घोटात संपली. आणि इथेच माझी खोड उघडी पडली. मी मीठ घालत जायचे, काटा अठ्ठावन्नाच्या पुढे सरकला की थांबायचे, आणि हात मागे घेता घेता आणखी एक चिमूट टाकायचे. आकडा साठावर. नवरा म्हणाला, जास्त झालं. मी म्हटलं, बरं. परत केलं. परत साठ. साखरेला तीनशे पन्नास. मी मुद्दाम करत नव्हते. हात आपोआप जायचा.

ही माझी नव्हे, माझ्या आईची खोड. माझी आई नागावला मासळी विकते, आजही. तिच्या तराजूत काटा कधी मध्ये थांबलेला मी पाहिला नाही. मासळीचं पारडं खाली गेलंच पाहिजे. दोन्ही पारडी बरोबरीत राहिली तर तिला ती लाज वाटते, जणू कोणी तिला कंजूष म्हणालं. आणि पारडं खाली गेल्यावर, सगळं झाल्यावर, ती वर आणखी एक बोंबील टाकते. दुसरा नियम याहून कडक. चुकून जास्त पडलं तरी ते उचलायचं नाही. मी लहान असताना एकदा पारड्यात दोन बोंबील जास्त पडले म्हणून एक काढून घ्यायला गेले, तर तिने माझ्या हातावर फटका मारला, गिऱ्हाइकासमोर. म्हणाली, "पारड्यान परलं का ते गिऱ्हाइकाचं, बाय. त्याला परत हात लावाचा न्हाय."

तो फटका माझ्या हाताने अजून जपून ठेवला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि ही तर दोन पिढ्यांची. नवऱ्याने माझं मनगट धरून पाहिलं, चिमट्याने मीठ घालायला लावलं, एकदा तर चिमूट टाकायच्या क्षणी मागून जोरात खोकला. काही उपयोग झाला नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला की तुझ्यासारखी बाई बंदरात असती तर एकही जहाज तरंगलं नसतं. मी हसले, पण आतून मला भीती वाटायला लागली होती. लेखी परीक्षेत हात नडणार नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेत तोलायचंच होतं, आणि तिथे आकडा दिलेला असणार होता. त्या चिमटीपायी पुन्हा रसायनशास्त्रातच राहिले असते, तर मॅडमनी दुसरी बाई घेतली असती, आणि मी बर्फात, उरलेलं आयुष्य.

रसायनशास्त्राचा लेखी पेपर बरा गेला. बरा म्हणजे, दोन गणितं धक्क्यावर पोचली आणि एक खाडीत बुडालं. बाकी वर्णनात्मक प्रश्नांत माझं अक्षर चांगलं होतं, एवढंच म्हणू शकते. म्हणजे सगळा भार प्रात्यक्षिकावर.

केंद्र अलिबागला होतं. मी सकाळीच तरीने रेवसला उतरले. तिथल्या प्रयोगशाळेत माझ्याबरोबरची बहुतेक मुलं माझ्या भाच्याच्या वयाची होती, आणि त्यांनी मला आधी परीक्षकच समजून उभं राहून नमस्कार केला. मी तो घेतला. मग माझ्या वाट्याला चिठ्ठी आली: ऑक्झॅलिक आम्लाचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण करा, आणि त्यावरून बाटलीतल्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढा. गणित सोपं होतं. ऑक्झॅलिक आम्लाचा मोल एकशे सव्वीस ग्रॅम. मला शंभर मिलीलीटर पाण्यात मोलचा शंभरावा भाग हवा होता. म्हणजे एक पॉइंट सव्वीस ग्रॅम. मी कागदावर ते लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

तिथला काटा आमच्या घरच्यासारखा नव्हता. त्याला काचेची पेटी होती, आणि तो ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवायचा. मी काचेची तबकडी ठेवली, आकडा शून्यावर आणला, आणि चमच्याने पांढरे स्फटिक सोडत गेले. एक ग्रॅम. एक पॉइंट वीस. एक पॉइंट पंचवीस. एक पॉइंट सव्वीस. मी श्वास सोडला. आणि श्वास सुटला तसा हातही सुटला. चमचा झटकला गेला, वर थोडं पडलं. काटा म्हणाला, एक पॉइंट एकतीस.

शेजारचा मुलगा पुटपुटला, काकी, काढा ना थोडं, परत बाटलीत टाका, कोण बघतंय. परीक्षक खरोखरच दुसरीकडे बघत होते. मी चमचा तबकडीकडे नेलाही. पण तो स्फटिकांना लागेना. माझ्या बापजन्मात मी पारड्यातलं काही परत काढलं नव्हतं, आणि तो हातावरचा फटका तिथे, अलिबागच्या प्रयोगशाळेत, जसाच्या तसा लागला. मला रडू आलं. खरंच आलं. इतक्या लांब येऊन, इतकं शिकून, एका बोंबलासाठी नापास व्हायचं.

मग मला नवऱ्याची आठवण झाली, आणि त्याचं बोलणं, जे तो जेवताना रोज ऐकवतो आणि मी रोज ऐकत नाही. पेटीच्या कागदावर वजन वेगळं असतं आणि काट्यावर वेगळं भरतं, तेव्हा नवी पोरं घाबरतात. हा त्यांना सांगतो, कागदाचं सोड, काट्यावर काय दिसतंय ते धर आणि पुढचा हिशेब त्यावरून कर. मी तबकडीकडे पाहिलं. एक पॉइंट सव्वीस हे कागदावरचं होतं. पारड्यात एक पॉइंट एकतीस होते. तर मग एक पॉइंट एकतीसच भागायचे एकशे सव्वीसने. वरचं जे पडलंय तेही मोलमध्ये बदलता येतं की. मोलच्या धक्क्यावर सगळ्यांनाच उतरू देतात.

मी आधीचा आकडा खोडला, खरं वजन लिहिलं, भागाकार केला. शंभराव्या भागापेक्षा किंचित जास्त मोल आले. द्रावण केलं, त्यात सल्फ्युरिक आम्ल घातलं, तापवलं, आणि वरून जांभळं थेंब थेंब सोडलं. फिकट गुलाबी रंग राहिला तेव्हा नळीवरचा आकडा वाचला. शेजारच्या मुलाचं वीस मिलीलीटरला झालं होतं, माझं त्याहून थोडं जास्त लागलं. जास्त ऑक्झॅलिक, जास्त जांभळं. पण शेवटी सगळं भागून गुणून बाटलीची तीव्रता काढली, तर त्याची आणि माझी एकच आली. मी दोनदा पाहिलं.

परीक्षक आले. माझ्या कागदावर खाडाखोड पाहून थांबले. "ताई, एक पॉइंट सव्वीस घ्यायचं होतं ना? हे एक पॉइंट एकतीस कसं?"

मी म्हटलं, "सर, वर थोडं पडलं. आणि पडलेलं परत घालत नाहीत."

मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "बरोबर. बाटलीत परत कधीच घालायचं नसतं, सगळी बाटली खराब होते. हे वर्गात घसा फोडून सांगतो मी, कोणी ऐकत नाही. तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, आईने. त्यांनी विचारलं, त्या रसायनशास्त्र शिकवतात का? मी म्हटलं, नाही, बोंबील विकते. ते हसले नाहीत. माझ्या कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले.

परत जाताना मी वाट वाकडी करून नागावला आईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. मोल वगैरे तिने हात झटकून बाजूला सारलं, पण परीक्षकही पारड्यातलं परत घेत नाहीत म्हटल्यावर ती सरसावून बसली. म्हणाली, तो पण कुठल्यातरी बंदरावरचाच असणार, चौकशी कर. मी तिला समजावलं की त्याचं कारण वेगळं आहे, बाटली खराब होते म्हणून. ती म्हणाली, मग माझं काय वेगळं आहे? तुझ्या हाताला परत घ्यायची सवय लागली असती तर काय खराब झालं असतं?

निकाल लागला तेव्हाही मी तिच्याच मासळीच्या ओट्यावर होते. नवऱ्याने फोनवर वाचून दाखवला. बाकीचे विषय सुटले होते. रसायनशास्त्राशी आल्यावर तो थांबला, आणि मी ओट्याची कड घट्ट धरली, अगदी बोटं पांढरी होईपर्यंत. मग तो म्हणाला, पास. पास व्हायला लागतात तेवढे, आणि वर दोन.

मी आईला सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं, आणि तिला ते आवडत नव्हतं. तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं, माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली, "वरचं दोन कोनी परत मागलं तर देऊ नको, बाय. पारड्यान परलंय ते."

कोणी मागितले नाहीत. सोमवारी मी कारखान्यात गेले, बर्फाच्या टेबलाकडे न वळता डावीकडच्या दाराशी थांबले, आणि त्या लाल पायपुसण्यावर सावकाश पाय पुसले. पाय कोरडेच होते.